हिराओकाकडचं पान

हिराओकाच्या काचघराच्या दाराशी साकाबे नासपतीची पेटी घेऊन उभा राहिला, तेव्हा हिराओका आत कुंड्यांना पाणी घालत होता. दोघांत अठरा वर्षं बोलणं नव्हतं. साकाबेनेच तोडलं होतं.

कारण एक पान. साकाबेच्या हॉवर्थियाचं. बोटभर उंचीचं, गुबगुबीत पानांचं रोप. पानांची टोकं काचेसारखी आरपार आणि आत धुक्याची पांढरी झाक. साऱ्या जपानात तसं दुसरं नव्हतं. बियांची शेकडो रोपं साकाबेने फेकायला काढली होती, त्यांतून हे त्याच्या बायकोने, कियोएने, उचललं होतं. अशा रोपवाल्यांची रीत आहे, नवं वाण निघालं की दोघा-तिघा मित्रांना एकेक पान द्यायचं. पान मातीत रुजतं, त्याचं रोप होतं. आपलं कुजलं तरी वाण मित्राकडे जगतं. साकाबेने कुणाला दिलं नाही. स्वतःसाठीही दुसरं केलं नाही. एकुलतं असण्यातच त्याला मोठेपणा वाटे.

एका सकाळी खालचं एक पान दिसेना. आदल्या दिवशी हिराओका येऊन गेला होता. साकाबेने रोपवाल्यांच्या सभेत सगळ्यांदेखत त्याला चोर ठरवलं. कियोए सांगत राहिली, तो असं करणार नाही. साकाबेने तिचंही ऐकलं नाही. रोप कुलपात गेलं.

कियोए जाऊन चार वर्षं झाली. यंदाचा उन्हाळा जीवघेणा निघाला. ऑगस्टात रोप मुळापासून सडलं. बोट लावलं तर पानांचं पाणी झालं. साकाबे दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला ते चोरीचं पान आठवलं आणि म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला.

पेटी खाली ठेवून तो कमरेत वाकला.

"पान नेलंस ते बरं केलंस बाबा," तो म्हणाला. "माझा राग नाही. रोप तुझंच राहू दे. मला त्याचं एक पान दे. कियोएसाठी म्हणून दे."

हिराओकाने झारी ठेवली. हात पुसले.

"नेलं असतं तर आज फार बरं झालं असतं रे," तो म्हणाला. "मी नव्हतं नेलं."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच साकाबेला ते खरं वाटलं.