संवाद : निरंक

"उठवा तिला," लेखनिक म्हणाला. "सव्वाबारा वाजून गेले."

मुलीच्या बापाने, एका रखवालदाराने, नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्याच्या मांडीवर डोकं टाकून नऊ वर्षांची लेक गाढ झोपली होती. तिचा एक पाय बाकावरून खाली लोंबत होता आणि बुटाचा बंद सुटला होता.

पालिकेने बापांसाठी ही खोली काढली, त्याला वर्ष झालं होतं. दारावर पाटी होती, ‘पिता साहाय्य कक्ष’. ज्यांचा संसार मोडलाय आणि मूल आईकडे आहे, अशा बापांनी कोर्टाच्या हुकमाप्रमाणे शनिवारी अकरा ते एक इथे येऊन मुलांना भेटायचं. खोलीत पूर्वी फिनेलचे डबे ठेवत आणि वास अजून गेला नव्हता. पुरुषमंडळींसाठी म्हणून खरेदी विभागाने एक फुटबॉल घेतला होता. त्यात हवा भरायचा पंप पुढच्या वर्षी येणार होता.

लेखनिकाने समोर बसून बघायचं आणि दर पाव तासाला छापील तक्त्यात खूण करायची: बोलणं, खेळ, अभ्यास, खाणं. या खोलीत बदली होण्याआधी बावीस वर्षं तो घरोघर पाण्याचे मीटर वाचत फिरला होता. तिथे काटा हलला नाही की ‘निरंक’ लिहायचं आणि पुढचं घर गाठायचं. इथेही त्याने तेच चालवलं. पाच शनिवार या बापलेकींपुढे त्याने ‘संवाद : निरंक’ लिहिलं होतं. मुलगी यायची, बापाच्या मांडीवर डोकं टाकायची आणि एक वाजता आई न्यायला येईपर्यंत ना हूं ना चूं. बापही जागचा हलायचा नाही. मधूनच स्वतःच्या दंडाला चिमटे काढायचा. डोळे लालभडक. दुसऱ्या शनिवारी लेखनिकाने पाणी देण्याच्या मिषाने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला होता. वास चहाचा होता.

आजचा सहावा शनिवार शेवटचा. सोमवारी अहवाल कोर्टात जायचा होता. बरा गेला तर मुलगी दर रविवारी बापाच्या घरी राहायला जाणार, असाच गेला तर भेटी बंद. लेखनिक काही दुष्ट नव्हता. नुसता दमला होता. त्याला एखादी तरी खूण करायला मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

"अहो, दोन शब्द तरी बोला तिच्याशी. मी काय लिहू?"

"जे दिसतं ते लिहा साहेब. झोपू द्या तिला."

"तुमच्याच भल्याचं सांगतोय मी!"

आवाज जरा चढलाच. मुलगी दचकून उठली. आधी तिने दाराकडे बघितलं, मग बापाकडे, आणि पुन्हा डोकं टेकवलं.

"बाळ," लेखनिक पुढे वाकला, "बाबांशी बोलावंसं वाटत नाही तुला?"

"वाटतं ना काका. पण झोपच येते."

"घरी झोपत नाहीस?"

"आई रात्रपाळीला असते," मुलगी डोळे न उघडताच म्हणाली. "आजीला ऐकू येत नाही. दारावर कोणी आलं तर कोण बघणार? मी जागी राहते."

"आणि इथे बरी लागते झोप?"

"इथे बाबा जागे असतात."

एवढं बोलून ती परत झोपली. लेखनिकाने खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहिलं असतं," रखवालदार म्हणाला. "मग तिच्या आईवर आलं असतं, पोरीला वाऱ्यावर सोडते म्हणून. ती काय हौसेनं जाते का रात्रपाळीला? हातावरचं पोट."

"पण भेटी बंद होतील तुमच्या."

"होतील. मग ही झोपणार कुठे, तेवढाच घोर आहे."

"तुम्ही कुठे असता रात्री?"

"गोदामावर. रविवारी तेवढी सुटी. सकाळी नऊला सुटतो, तसाच इथे येतो."

"आणि झोपता कधी?"

"शनिवारी राहूनच जातं," रखवालदार म्हणाला आणि त्याने जांभई दाबली.

लेखनिकाला स्वतःची लाज वाटली. या माणसाच्या तोंडाचा वासही घेऊन झाला होता, पण साधं विचारायचं सुचलं नव्हतं. छापील तक्त्यात हाताने रेघ मारायची नाही, असा कचेरीचा दंडक होता. त्याने पट्टी घेतली, रेघ मारली आणि नव्या रकान्यावर लिहिलं, ‘झोप’. खाली एकेक खूण करत गेला. जुने पाच तक्ते काढले, त्यांतही तेच केलं. शेवटी शेरा लिहिला: ‘मुलीला वडिलांपाशी शांत झोप लागते. रविवारी त्यांच्या घरी पाठवावे.’ रात्रपाळीबद्दल त्याने अवाक्षर लिहिलं नाही.

समोर रखवालदाराची मान एकदा पुढे कलली आणि तो खडबडून सावरला. लेखनिक उठला. त्याने आपली खुर्ची उचलून दारापाशी नेली आणि पाठ भिंतीला टेकून बसला.

"अर्धा तास आहे अजून," तो म्हणाला. "तुम्हीही डोळे मिटा. दार मी बघतो."