डाव्या सीटवरून दिसणारा काटा

"मीटरचा काटा अजून बी जास्तच दिसायलाय हिला," गुरुपादप्पा म्हणाले, आणि रविकिरणने हातातला पाना फरशीवर आपटला.

पंधरा दिवसांतली ही चौथी खेप होती. लातूरच्या रिंग रोडवर रविकिरणचं गॅरेज. चिखलात, डोंगरात घालायच्या जीपगाड्या घेऊन पोरं त्याच्याकडं यायची. मोठे टायर बसवायची, मग मीटर कमी दाखवतं म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून न्यायची. त्याला एक डबी होती, प्रोग्रॅमर. स्टेअरिंगखाली वायर खोचली, टायरचं माप टाकलं की दहा मिनिटांत काम फत्ते. सगळी दुनिया मीटर खरं करून घ्यायला यायची. शिरूर अनंतपाळचे हे सत्तरीचे अप्पा तेवढे खोटं करून घ्यायला आले होते.

पहिल्या दिवशी कारण ऐकून रविकिरणचा जीव कळवळला होता. अप्पांच्या बायकोच्या, पार्वतम्मांच्या, दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा लातूरला डायलिसिस, सकाळी आठची पाळी. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला; मग ताटकळत बसायचं, मिळालं तर मिळालं. गेल्या बुधवारी मिळालंच नाही. गुरुवारी बाईला दोन पावलं टाकता येईनात, एवढी धाप. लवकर निघावं तर लिंगपूजा सावकाश झाल्याबिगर ती घोटभर पाणी पीत नाही. गाडी पळवावी तर शपथ आडवी. वर्षामागं अप्पांनी जीप पुलाच्या कठड्यावर घातली होती. तेव्हा तिनं त्यांच्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून वदवून घेतलं, काटा पन्नासाच्या पुढं न्यायचा नाही.

"शपथ काट्याची हाय, गाडीची न्हाई," अप्पा म्हणाले होते. काय डोकं म्हणावं! पण रविकिरणने मन मोठं केलं. टायरचं माप कमी टाकलं. काटा पन्नासावर, गाडी साठावर. झालं, सुटलो बाबा, असं त्याला वाटलं.

कसलं सुटतोय. चौथ्या दिवशी अप्पा हजर. काटा पन्नासावर असला तरी पार्वतम्मा शेजारून म्हणतात, साठ झाले, हळू घ्या. रविकिरणने गाडी फिरवून फोनमधल्या वेगाशी ताडून पाहिलं. फोनवर साठ, तर काटा सांगितल्यासारखा पन्नासच दाखवत होता. त्याने आपल्या डबीवर संशय घेतला, दुसरी डबी लावली. तिसऱ्या खेपेला माप आणखी कमी केलं. आता काट्याचे पन्नास म्हणजे रस्त्यावरचे पासष्ट.

"तर आता पासष्ट म्हणती," आज चौथ्या खेपेला अप्पा म्हणाले. "मी म्हणलं, बघ की, पन्नास हाय. तर म्हणती, मला दिसतंय."

"अप्पा, बाजूच्या सीटवरनं बघितलं की काटा थोडा इकडं-तिकडं वाटतो."

"दर बारीला बरुब्बर तेवढाच?"

रविकिरणचं टाळकं सरकलं. बाहेर तीन गाड्या खोळंबलेल्या आणि हा म्हातारा मीटरचं भूत घेऊन उभा. "हात जोडतो अप्पा. शुक्रवारी अम्मांनाच घेऊन या. त्यांच्या डोळ्यांदेखत मीटर तपासतो. ह्याच्यावर मला जमायचं न्हाई."

शुक्रवारी मशीनवरून सुटून दोघं आले. अम्मा डाव्या सीटवर टेकून बसल्या होत्या, दंडाला पट्टी, चेहरा पांढराफटक. अप्पा नळावर तोंड धुवायला गेले. रविकिरणने डबी जोडली. तिच्यात एक तपासणी होती. बटण दाबलं की उभ्या गाडीत काटा थेट शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन थांबायचा. काटा अडकतोय का, ते त्यात कळायचं.

"अम्मा, काट्याकडं ध्यान द्या. किती दिसतंय ते सांगा."

त्याने बटण दाबलं. काटा सर्रकन एकशे साठावर गेला. पार्वतम्मा सरळ काट्याकडंच बघत होत्या.

"शून्य," त्या म्हणाल्या. "गाडी उभी हाय की रे."

रविकिरणला वाटलं, बाई चेष्टा करतात. त्याने पुन्हा बटण दाबलं. काटा पुन्हा एकशे साठावर.

"शून्यच की."

त्याने हळूच काट्यासमोर दोन बोटं धरली. अम्मांची नजर तिथंच होती, पण बोटांचं काही म्हणाल्या नाहीत.

"अम्मा, तुम्हाला दिसत न्हाई?"

त्यांनी आधी नळाकडून येणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकला. नळ चालू होता.

"साखरेनं डोळं नेलं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माणूस कळतंय, आकडा न्हाई कळत. सात-आठ महिने झाले."

"मग साठ, पासष्ट कसं सांगता?"

"सहा वर्षं ह्या गाडीत बसते. आवाजावरनं कळत न्हाई व्हय?" त्यांनी त्याचं मनगट चाचपून धरलं. "त्यांना सांगू नको लेकरा. आधीच माझ्या किडनीपायी रडकुंडीला आलेत. अन् मी बघत न्हाई म्हणल्यावर ते गाडी कशी दामटतील, ठाव हाय मला. पूजा मी पाचालाच उरकीन आता. मशीन एखाद दिस हुकलं तर दम काढीन. त्यांचा हात हुकला तर माझं कोण हाय?"

नळ बंद झाला. रविकिरणने घाईघाईनं टायरचं खरं माप टाकलं आणि वायर काढली. अप्पा उपरण्यानं तोंड पुसत आले.

"काय निघालं मीटरात?"

"मीटरवर भरोसा ठेवू नका, अप्पा," रविकिरण म्हणाला. "अम्मांना दिसतंय, तेच खरं."