वाचलेला नकाशा

दुर्मिळ नकाशांच्या दालनाची किल्ली आपल्याला डावलून कालच्या पोरीला मिळाली, म्हणून जुन्या ग्रंथपालाच्या पोटात भलतंच दुखत होतं. साहेब येता-जाता तिचं कौतुक करायचे आणि याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ‘एकदा हिची चांगली जिरली पाहिजे,’ असं म्हणत शनिवारी त्याने सगळ्यात जुना, हाताने रंगवलेला नकाशा गुपचूप घरी नेला. तिची पुरती शोभा झाली, की तो नकाशा एखाद्या कपाटामागे त्यालाच ‘सापडणार’ होता.

सोमवारी तो आला, तर दालनाची खिडकी फुटलेली. सुटीच्या दिवशी चोरांनी एकूण एक नकाशा लांबवला होता. रिकाम्या खणांसमोर बसून ती रडत होती.

“काका, बाकीचे गेले ते गेले, पण तो रंगवलेला तरी वाचायला हवा होता हो!”

तिचे डोळे बघून त्याला राहवेना. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात तपासाला आलेले इन्स्पेक्टर साहेबांकडे वळून म्हणाले,

“काळजी सोडा. ज्याच्या घरात यातला एक जरी नकाशा सापडला, तोच आपला चोर!”