खिडकीपुढची रांग

जेवणानंतर स्टुलावर बसल्या बसल्याच रावतेमामांचा डोळा लागला. कॉलेजात शिपाई म्हणून सारी नोकरी त्यांनी या प्रवेशाच्या खिडकीशीच काढली होती. एके काळी कला शाखेला अशी झुंबड उडायची, की दोर बांधूनही पोरं आवरायची नाहीत. ओरडून ओरडून मामांचा घसा बसायचा. यंदा त्याच दोरानं त्यांनी फाटकाला ‘प्रवेश सुरू आहेत’ असा फलक बांधला होता. तरी कुणी फिरकलं नव्हतं. असंच राहिलं तर शाखेला टाळं लागणार होतं.

“काका, इतिहासाला प्रवेश मिळेल?”

“आधी रांगेत या! मध्येच घुसू नका!” मामा झोपेतच खेकसले.

मुलगी ओशाळून मागं सरली. रिकाम्या व्हरांड्यात इकडंतिकडं बघत तिनं हळूच विचारलं, “कुणाच्या मागं उभी राहू?”