आनंदाचं आवडतं भूत

“चपला घाल आनी चल,” आनंदा दारात उभा राहून म्हणाला.

वेणूने मान वर केली नाही. ती परात पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होती. “मना नाय बगायची तुमची भुता. तुमाला रोज बगते, तवरं पुरं हाय.”

“येकदाच ये. मंग जन्मात भुताचं नाव काढनार नाय.”

पनवेलच्या त्या सोसायटीतली म्हातारी माणसं शनिवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये जमायची आणि टीव्हीवर भुताचे सिनेमे बघायची. ही खोड अरुंधतीबाईंनी लावली. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मुलांना घाबरवून झालं, आता स्वतः घाबरायचं, असं त्या म्हणत. दर शनिवारी एकाच्या आवडीचा सिनेमा लागे. अरुंधतीबाईंचा आवडता म्हणजे कंदील घेऊन जिना चढणाऱ्या बाईचा. शेजारच्या धर्मराजला आपोआप दारं लावून घेणारं घर आवडे. बिल्डरने आपल्याला तसंच घर द्यायला हवं होतं, सून दार उघडं टाकून जाते, अशी त्याची तक्रार. उरणजवळच्या मोरा बंदरातला जीवन कोळी लेकाकडे राहायला आलेला. त्याला होडीत चढलेलं भूत प्यारं, कारण त्या भुताला होडी लागते आणि ते ओकत बसतं.

आज आनंदाची पाळी होती. वेणूने आजचा सिनेमा बघावा, एवढंच त्याला हवं होतं. का, असं विचारलं की तो नुसता डोकं खाजवायचा.

तांदूळ निवडून झाले तरी तो दारातून हलला नाही. शेवटी वेणू उठली. हॉलमध्ये ती मागच्या खुर्चीवर बसली आणि सिनेमाचं नाव पडद्यावर येताच तिने डोळ्यांवर पदर ओढून घेतला.

सिनेमा फारच वाईट होता. कुणी नाव ऐकलेलं नव्हतं, नट ओळखीचे नव्हते. एका बंद घरात माणसं राहायला येतात आणि दिवे जातात, एवढीच गोष्ट.

“अहो, भुताच्या मनगटावर घड्याळ आहे!” अरुंधतीबाई ओरडल्या.

“ड्युटीवर हाय ती,” जीवन म्हणाला. “आनंदादादा, हा तुज्या आवडीचा? भुताचे केस बग, आमच्या जाळ्याला येवरा गुंता नसतो.”

सगळे हसले. आनंदा हसला नाही. तो सारखा मागे वळून वेणूकडे बघत होता. पदर तिथल्या तिथे होता.

धर्मराजने रिमोट उचलला. “मत घेऊ. बंद करायचा?”

सगळ्यांचे हात वर झाले. पदराखालून वेणूचाही झाला.

आनंदा उठून टीव्हीसमोर उभा राहिला. “भूत सैपाकघरात जाईपरत तरी ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “मी कवा तुमचा सिनेमा बंद केला?”

त्याचा आवाज असा काही झाला होता की धर्मराजने रिमोटचा हात खाली घेतला. आनंदा बाजूला झाला.

पडद्यावरचं भूत एका लाकडी दारापाशी आलं. त्याने दार ढकललं. दाराचं खालचं टोक जमिनीवर घासलं आणि ते कण्हल्यासारखं वाजलं.

वेणूच्या डोळ्यांवरून पदर सरला.

ते दार जरा उचलून ढकलावं लागे. भुताला ते ठाऊक नव्हतं. वेणूला ठाऊक होतं. लग्न होईपर्यंत रोज तिनेच ते उघडलं होतं.

तिच्या माहेरचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. भावांनी सामान हलवलं, गाव रिकामं झालं. पाडकाम सुरू व्हायला मध्ये काही महिने गेले. तेवढ्यात कुणी सिनेमावाले दिवे घेऊन आले असणार. ओस घरं, उघडी दारं, त्यांना आयतंच भुताचं गाव मिळालं. घरच्या कुणाला पत्ताही लागला नाही. वेणूने त्या वाटेला जाणं सोडलं होतं. घरात गावाचं नाव निघालं तरी ती उठून जायची. त्या घराचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. घर उभं होतं तोवर कुणाला सुचलंच नाही.

महिन्यापूर्वी आनंदा दाढी करायला बसलेला असताना न्हाव्याच्या टीव्हीवर हा सिनेमा लागला. गालाला फेस तसाच ठेवून तो उभा राहिला होता. जावई म्हणून पहिल्यांदा आला तेव्हा दाराच्या ज्या चौकटीला त्याचं कपाळ आपटलं होतं, तिच्याखालून भूत वाकून आत चाललं होतं. वेणूला सांगितलं असतं तर ती आली नसती. म्हणून तो बोलला नाही.

पडद्यावर आता स्वयंपाकघर आलं. कोनाडा आला. खाडीकडची बारकी खिडकी आली. सिनेमावाल्यांना भीतीदायक वाटलेली काळी भिंत आली. वर्षानुवर्षं भाकऱ्यांच्या धुराने ती काळी झाली होती. आणि भूत एकदम वळून पडदाभर झालं. तोंडातून रक्त. अरुंधतीबाईंनी किंकाळी फोडली. जीवनने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. धर्मराजच्या हातातला रिमोट पडला.

वेणू केव्हाच उठून टीव्हीजवळ गेली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने भुताच्या तोंडापुढे हात हलवला.

“बाजूला हो गं बये,” ती म्हणाली, “मागं माज्या आयची चूल हाय.”