धुक्यातली शिट्टी

स्काउटच्या पोरांना झाडाखाली बसवून ताई पुढची वाट शोधायला गेली आणि डोंगरावर धुकं उतरलं. मागे वळली, तर पोरं दिसेनात. आठवडाभर दुकानात कापड फाडायचं आणि रविवारी हौसेने दुसऱ्यांची पोरं सांभाळायची. आता त्यांच्या आयांना काय तोंड दाखवणार? हाका मारत ती काट्याकुट्यांतून सैरावैरा धावली. घसा बसला. तेवढ्यात लांबून शिट्टी ऐकू आली. आवाजाच्या रोखाने ती धडपडत गेली. पोरं एकच दोरी धरून बसली होती.

"कुठे हरवला होतात रे?" तिला रडू फुटलं.

सगळ्यांत धाकटीने तोंडातली शिट्टी काढली.

"आम्ही इथेच होतो, ताई. हरवल्यावर जागचं हलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग तुम्ही का पळत सुटलात?"