गोग्रास

नवऱ्याची, नानाजींची, शुगर उतरावी म्हणून रिठदच्या मनकर्णाबाईंनी व्रत धरलं होतं. रोज आधी गाईला गुळाची पोळी, मगच आपल्या तोंडात घास. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून पोळी गोठ्यात नेऊन द्यायचं काम नानाजींनी आपणहून अंगावर घेतलं. व्रत अखंड चालू होतं, शुगर मात्र चढतच चालली होती.

आपलंच काही चुकतंय, या काळजीत बाई असतानाच जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले. बाईंनी हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, रोजच्या गुळानं गाईचे दात तर नाही ना किडून राह्यले?"

डॉक्टरांनी गाईचा जबडा उघडला. "मावशी, दाढा पहा. कडबा चावू चावू जात्यावानी झाल्या. किडीचं नाव नाही." मग त्यांनी नानाजींच्या हातातल्या ताज्या पोळीचा तुकडा गाईपुढे धरला. तिनं तो हुंगला आणि मान फिरवली.

"इले तं गुळाची वळखच नाही. मंग पोळ्या कोन खाऊन राह्यलं?" डॉक्टरांनी विचारलं.

मनकर्णाबाई नानाजींकडे वळल्या. "तोंड उघडा बरं."

 

गाईनं निमूट उघडलं होतं. नानाजी काही उघडेनात.